अँटी-रेडिएशन मोबाईल स्टिकर (५ चं पाकीट): घरी आणि लॅबमध्ये तपासून लिहिलेला रिव्ह्यू

रेटिंग ५ पैकी १, कारण त्याहून कमी देता येत नाही. ज्यांना फक्त घ्यायचं की नाही एवढंच विचारायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, घेऊ नका, हा स्टिकर काहीही अडवत नाही. पण मला त्यापुढचं पण लिहायचंय, कारण हे पाकीट घेणारी माणसं खुळी नाहीत, त्यात माझी सख्खी आत्या आहे जिने तीस वर्षं पोस्टात हिशोब सांभाळले आणि एका पैशाची चूक होऊ दिली नाही. अशी बाई दोन हजार रुपये मोजून सोनेरी स्टिकर का आणते हे समजून न घेता नुसतं "फ्रॉड आहे" म्हणून आपण मोकळे झालो तर पुढच्या प्रदर्शनात हाच स्टॉल परत लागणार आणि परत गर्दी होणार.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. आमच्याकडे सांगलीला दिवाळीच्या आधी गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागतं, मसाले, पडदे, गुडघ्याचं तेल, पापडाचं मशीन, त्यातच हा स्टॉल होता. एक स्टिकर ४९९ ला, पाच घेतले तर १,९९९. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण याच छापाचा माल वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे मिळतो, एका नावापासून लोक लांब राहिले आणि दुसऱ्याकडून घेतला तर काय उपयोग. आकार एक रुपयाच्या नाण्याएवढा, वर सोनेरी नक्षी, मागे गम. पाकिटावर लिहिलंय की ९९% रेडिएशन न्यूट्रल करतो, नॅनो स्केलर टेक्नॉलॉजी, निगेटिव्ह आयन सोडतो, ५जी रेडी, फोनची बॅटरी जास्त टिकते, झोप सुधारते, आणि एक्सपायरी नाही. आत्याने तिच्या फोनला, मामांच्या (म्हणजे तिच्या मिस्टरांच्या), दोन्ही मुलांच्या आणि पाचवा वायफायच्या डब्याला लावला.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो त्यामुळे मला हे तपासणं अवघड नव्हतं, पण खरं सांगायचं तर पहिली टेस्ट कुणालाही घरी करता येते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाऊट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंग्थ दिसते, मायनस ८८ डीबीएम वगैरे असा आकडा असतो, मायनसपुढचा आकडा जितका मोठा तितकी रेंज कमी. आता हिशोब बघा. ९९ टक्के अडवलं म्हणजे शंभरातला एक भाग उरला, याला आमच्या भाषेत २० डीबी घट म्हणतात. आणि अँटेनाचा नियम असा की ती ज्या दिशेला जितकं चांगलं पाठवते तितकंच चांगलं तिकडून घेते, म्हणजे बाहेर जाणारी लहर अडली तर आत येणारी पण अडणारच. तर स्टिकर लावल्यावर मायनस ८८ चा आकडा मायनस १०८ च्या आसपास जायला पाहिजे, रेंजच्या काड्या धडाधड पडायला पाहिजेत. तसं काही झालं नाही. आकडा नेहमी थोडा वरखाली होतच असतो, तेवढाच स्टिकर असताना होत होता आणि काढल्यावर पण. मग तोच फोन रेंज नोंदवणारं अ‍ॅप चालू करून आत्याच्या लाडूच्या स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवला आणि नंतर बघितलं तर रेंज भरपूर पडलेली. म्हणजे खरोखर काही अडवलं तर फोन ते प्रामाणिकपणे दाखवतो, टेस्टमध्ये खोट नाही.

आणि पाकिटावरचे दोन दावे एकमेकांच्या विरोधात आहेत हे कुणी स्टॉलवर विचारत का नाही मला कळत नाही. फोनला टॉवर नीट ऐकू येईना झाला की तो स्वतःची पॉवर वाढवतो, सगळे मोबाईल असेच बनवलेले असतात. म्हणजे स्टिकरने खरंच रेडिएशन अडवलं असतं तर फोन जास्त जोर लावणार, बॅटरी लवकर संपणार. एकाच वेळी ९९ टक्के अडवणं आणि बॅटरी जास्त टिकणं हे होऊच शकत नाही. अमेरिकेतली ग्राहकांसाठीची सरकारी संस्था, फेडरल ट्रेड कमिशन, हेच कितीतरी वर्षांपासून लोकांना सांगतेय की असल्या शील्डमुळे फोन उलट जास्त पॉवर ओढू शकतो.

दुसरी टेस्ट लॅबमध्ये. मल्टीमीटर लावला तर सोनेरी नक्षीतून करंट जातच नाही, म्हणजे तो धातू पण नाही, नुसती चकचकीत छपाई. लहर अडवायला धातूसारखा कंडक्टर लागतो आणि तो पण अँटेनाच्या सगळ्या बाजूंनी. खिडकीच्या एका कोपऱ्यात टिकली चिकटवून खोलीत अंधार होईल असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का, हे तसंच आहे. "निगेटिव्ह आयन" वाचून मात्र मला खरी काळजी वाटली होती, कारण आयन सोडतो म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात कधीकधी किरणोत्सारी पदार्थ घातलेला असतो. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने ५जी पासून संरक्षण म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तू तपासल्या, त्यात लॉकेट होती, डोळ्यावर बांधायची झोपेची पट्टी होती, लहान मुलांचं ब्रेसलेट होतं, आणि त्या स्वतःच किरणोत्सारी निघाल्या. म्हणजे ज्या मोबाईलच्या लहरीत अणूतला इलेक्ट्रॉन उडवायची (यालाच आयोनायझिंग म्हणतात) ताकद नाही तिच्यापासून वाचायला लोक गळ्यात खरं आयोनायझिंग रेडिएशन घालून झोपत होते, आणि त्यांनी ते पोरांच्या मनगटाला पण बांधलं. म्हणून बीएस्सी कॉलेजमधल्या मित्राच्या लॅबमध्ये जीएम काउंटरखाली (किरणोत्सार मोजायचं यंत्र) आमचे स्टिकर धरले. सुदैवाने बॅकग्राउंडपेक्षा, म्हणजे आजूबाजूला नेहमीच असतो त्यापेक्षा, जास्त काहीच नाही. एवढी एक गोष्ट याच्या बाजूने लिहितो, निदान आमच्या पाकिटातला माल निरुपद्रवी होता. तुमच्या हातात आयन सोडणारं लॉकेट किंवा कडं आलं असेल तर ते मात्र अंगावर घालू नका आणि मुलांना तर अजिबात नको.

आता स्टॉलवरच्या डेमोबद्दल, कारण माल खपतो तो पाकिटावरच्या मजकुराने नाही, या डेमोने. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. तीन प्रयोग दाखवतात. पहिला, तुमच्या फोनवर *#०७# दाबायला लावतात आणि स्क्रीनवर एसएआरचा (शरीर फोनच्या लहरी किती शोषतं त्याच्या मापाचा) आकडा येतो, "बघा सरकारनेच लपवून ठेवलेला कोड". तो आकडा काही लपवलेला नाही, भारतात २०१२ पासून फोनला १.६ वॉट प्रति किलोची मर्यादा आहे आणि फोनची जी चाचणी झालेली असते तिचा निकाल तिथे दिसतो. तो त्या क्षणाचं मोजमाप नसतो, फोन बंद पडायला आला तरी आकडा तोच राहणार. पण समोरच्याला वाटतं माझ्याच फोनमधलं काहीतरी गुपित उघडं झालं, आणि गुपित उघडं करून दाखवणाऱ्यावर माणसाचा लगेच विश्वास बसतो. दुसरा, एक छोटं मीटर. कॉल लावताना मीटर टीटी करतं, मग स्टिकर लावतात, मीटर शांत होतं. खरं तर कॉल जोडताना फोन जोरात बोलतो आणि एकदा जोडला गेला की पॉवर कमी करतो, त्यामुळे स्टिकरच्या जागी बसचं तिकीट चिकटवलं तरी मीटर शांत होणार. मी तिकीट लावून बघा म्हटलं तर त्या पोराने पुढच्या गिऱ्हाईकाकडे तोंड केलं.

तिसरा प्रयोग सगळ्यात परिणामकारक. तुम्हाला हात आडवा धरायला सांगतात, दुसऱ्या हातात फोन, आणि विक्रेता हात खाली दाबतो, हात पडतो. मग स्टिकर लावलेला फोन देतात आणि परत दाबतात, हात टिकतो. आत्या म्हणाली, "अरे मी स्वतः अनुभवलं, कुणी सांगितलेलं नाही." यात दाबणाऱ्याने किती जोर लावला, हाताच्या कुठल्या भागावर लावला, दुसऱ्या वेळी तुम्ही आधीच तयारीत होता, हे सगळं आलं. काही वर्षांपूर्वी ताकद वाढवणारी रबरी ब्रेसलेट निघाली होती, पॉवर बॅलन्स नावाची, मोठमोठे खेळाडू घालायचे, तिची जाहिरात याच हात दाबण्याच्या खेळाने व्हायची. ऑस्ट्रेलियात २०१० च्या शेवटी तिथल्या ग्राहक आयोगाने धरल्यावर कंपनीला लेखी कबूल करावं लागलं की दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही. पण "मी स्वतः अनुभवलं" याला तोड नसते. स्वतःच्या हाताने खोटं सांगितलं असं कोण मानेल?

आता पाकिटात येणारं चार पानी पत्रक, आणि इथे मला जरा जास्त लिहायचंय कारण विश्वास कसा बसतो ते या पत्रकात दिसतं. मी सुरुवातीला ते वाचायला घेतलं तेव्हा वाटलं सगळं बनावट असेल. तसं नाहीये. पहिली दोन पानं बऱ्यापैकी खरी आहेत! लिहिलंय की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मोबाईल लहरींना "कदाचित कॅन्सरकारक" गटात टाकलं. खरं आहे, २बी गट. लिहिलंय की आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये टॉवरच्या रेडिएशनबद्दल दूरसंचार खात्याला अहवाल दिला. खरं आहे. लिहिलंय की कॅन्सर झालेल्या माणसाच्या तक्रारीवरून सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये ग्वाल्हेरचा एक टॉवर बंद करायला लावला. हेही खरं. मग लिहिलंय की भारत सरकारने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, धोका नसता तर का केली असती? मर्यादा खरंच एक दशांश आहे, १ सप्टेंबर २०१२ पासून. आणि इथपर्यंत वाचक चार वेळा मान हलवून झालेला असतो. मग तिसऱ्या पानावर अचानक स्केलर एनर्जी, चिमण्या मेल्या, ५जीने पेशी फुटतात, आणि शेवटच्या पानावर स्टिकर.

खऱ्यावरून खोट्यावर कुठे पाय पडला ते वाचणाऱ्याला कळतच नाही. आणि खऱ्या गोष्टीत जे गाळलंय ते पण बघायला पाहिजे. त्याच २बी गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्या आहेत. २बी म्हणजे पुरावा अपुरा आहे पण शक्यता पूर्ण खोडून काढता येत नाही, एवढाच अर्थ. त्याच संस्थेने सुपारीला मात्र पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं, आणि प्रदर्शनाच्या गेटबाहेरच माव्याची टपरी आहे जिथे स्टिकर घेऊन आलेली माणसं थांबतात. माव्याबद्दल कुणाचं पत्रक नाही कारण त्यात विकायला स्टिकर नाही. टॉवरच्या कोर्ट केसमध्ये एका माणसाच्या दाव्यावर एका टॉवरपुरता आदेश झाला, टॉवरमुळे कॅन्सर होतो असा शास्त्रीय निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणि २०११ नंतर काम थांबलेलं नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये आला, ६३ अभ्यास एकत्र तपासून, आणि मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यात संबंध दिसला नाही. पत्रक २०११ ला थांबतं. चिमण्यांचं पण तसंच, २०२० च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या गेली पंचवीस वर्षं साधारण स्थिर आहे, मोठ्या शहरांत कमी झाल्यात हे खरं, पण शहरात घरटी करायला वळचणी नाहीत, पिल्लांना भरवायला किडे नाहीत, हे कोण लिहिणार.

५जी आणि कोरोनाचं पत्रकात नव्हतं, ते स्टॉलवाला तोंडी सांगत होता, हळू आवाजात. यावर हसणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो की मे २०२१ आठवा. दूरसंचार खात्याने ४ मे ला ५जी च्या चाचण्यांना परवानगी दिली आणि त्याच आठवड्यात देशात रोजचे चार लाखांवर पेशंट सापडत होते, बेड नव्हते, ऑक्सिजन नव्हता, रेमडेसिवीरसाठी पोरं रात्ररात्र फिरत होती. दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक ऑडिओ फिरला की हे टॉवरच्या चाचणीमुळे होतंय. १० मे ला खात्याला जाहीर करावं लागलं की देशात कुठेही ५जी ची चाचणी अजून सुरूच झालेली नाही. झालेलीच नाही! प्रत्यक्ष सेवा तर १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. म्हणजे जे नव्हतंच त्याने माणसं मारली असा आरोप होता. पण ज्याचा बाप ॲम्ब्युलन्समध्ये गेला त्याला डोळ्यांना न दिसणारा विषाणू, कोसळलेली यंत्रणा, आणि नशीब अशी उत्तरं देऊन भागत नाही. टॉवर खिडकीतून दिसतो, त्याच्याकडे बोट करता येतं. एवढं मोठं दुःख तर कारण पण कुणीतरी मुद्दाम केलेलं मोठंच असणार असं मनाला वाटतं, आणि मला त्यात मूर्खपणा दिसत नाही, मला तिथे एकटा पडलेला माणूस दिसतो.

शिवाय वरून काय शिकवण मिळते बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनु आयोगाच्या अध्यक्षांनी पत्रकार परिषदेत गाईच्या शेणाची चिप दाखवली आणि सांगितलं की ही फोनला लावली की रेडिएशन कमी होतं. शेकडो शास्त्रज्ञांनी सही करून पुरावा मागितला. पण सरकारी पाटीखाली बसून कुणी हे बोललं की प्रदर्शनातला स्टॉलवाला का नाही बोलणार? दुसरीकडे जुही चावलाने ५जी विरुद्ध याचिका केली तर दिल्ली हायकोर्टाने जून २०२१ मध्ये ती फेटाळून २० लाखांचा दंड लावला, पुढे जानेवारी २०२२ मध्ये तो २ लाखांवर आणला. याचिकेत दम नव्हता हे मला मान्य आहे. पण आमच्या गल्लीत दंडाची बातमी "बघा, बोललं की तोंड दाबतात" अशीच पोचली. आत्याने तेच सांगितलं मला.

कारण तिच्यासाठी हे सगळं सुरू झालं ते समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टॉवर लागला तेव्हा. कुणी विचारलं नाही, नोटीस नाही, एका सकाळी क्रेन आली आणि संध्याकाळी खांब उभा. भाडं त्या मालकाला आणि खांब आत्याच्या देवघराच्या खिडकीसमोर. सरकारी ऑफिसांत कुठेच कुणी नीट उत्तर दिलं नाही. त्यानंतर शेजारच्या काकूंना गाठ निघाली, त्या मिरजेला ट्रीटमेंटला जायला लागल्या, मग गल्लीत मोजणी सुरू झाली, अमक्याचे वडील, तमक्याची सून. आता राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीचा अंदाज आहे की भारतात नऊ माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होऊ शकतो. दीडशे माणसांच्या गल्लीत सोळा-सतरा. टॉवर असो नसो. पण टॉवर नसलेल्या गल्लीत कुणी मोजत बसत नाही ना, त्यामुळे तिथले सोळा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

टॉवरबद्दल एक गोष्ट आत्याला समजावताना मला स्वतःला पण नीट मांडता आली, ती इथे लिहितो. खांबावरच्या अँटेनाचा झोत आडवा, जरासा खाली झुकलेला असतो, बल्बसारखा सगळीकडे सारखा सांडत नाही, आणि अंतर दुप्पट झालं की तीव्रता साधारण चौथा हिस्सा होते. कानाला लावलेला फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटच्या आसपास सोडतो (जुने टूजी फोन झटक्यापुरते २ वॉटपर्यंत जायचे) पण तो डोक्याला चिकटलेला असतो, त्यामुळे शरीराला मिळणाऱ्या लहरींत मोठा वाटा टॉवरचा नसून आपल्याच फोनचा असतो. आणि टॉवर लांब गेला की फोन जोर वाढवतो. म्हणजे टॉवर हटवा म्हणून आंदोलन यशस्वी झालं की गल्लीतल्या प्रत्येक कानाजवळची पॉवर वाढणार. हे ऐकून आत्या बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "हे त्या टॉवरवाल्यांनी येऊन का नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही दोघांनी मिळून तरंग संचार नावाच्या सरकारी पोर्टलवर तो टॉवर शोधला, २०१७ पासून आहे हे पोर्टल, कुठल्या कंपन्यांच्या अँटेना आहेत, मर्यादेत आहे की नाही ते नकाशावर दिसतं, फी भरून मोजणी पण मागवता येते. तिला तो नकाशा बघून जितकं बरं वाटलं तितकं माझ्या सगळ्या भाषणाने वाटलं नव्हतं. तिला माहिती हवी होती आणि ती आधी फक्त स्टॉलवाल्याने दिली होती, खुर्ची देऊन, चहा विचारून, अर्धा तास बसून.

तिची डोकेदुखी. स्टिकर लावल्यापासून डोकं दुखायचं थांबलं असं ती म्हणते आणि मी ते खोटं मानत नाही. डोकं खरंच दुखत होतं आणि खरंच थांबलं. पण पत्रकात शेवटी सूचना आहेत, स्टिकर लावल्यावरही फोन उशाशी ठेवू नका, झोपायच्या आधी तासभर बघू नका, रात्री वायफाय बंद करा. आत्या शिस्तीची, तिने सगळं पाळलं. रात्री अकरापर्यंत रील्स बघणं बंद झालं, झोप सुधारली, डोकं थांबलं आणि नाव झालं स्टिकरचं. मी तिला सांगूनच एक प्रयोग केला, ती लगेच तयार झाली कारण हिशोब तपासायची तिला आवडच आहे. फोनच्या जाड कव्हरच्या आत कधी स्टिकर, कधी तेवढाच पुठ्ठ्याचा तुकडा, कुठला दिवस कुठला ते माझी बायको ठरवणार आणि लिहून ठेवणार, मला पण माहीत नाही. आत्याने रोज संध्याकाळी डायरीत लिहायचं की आज स्टिकर वाटतो की पुठ्ठा. डायरी आणि बायकोची यादी शेजारी ठेवली तेव्हा कुठेच मेळ नव्हता, आणि एका दिवशी डोकं जोरात दुखलं होतं तो दिवस स्टिकरचा होता. परदेशात अशा कितीतरी डबल ब्लाइंड (तपासणाऱ्याला आणि तपासून घेणाऱ्याला दोघांनाही खरं काय ते माहीत नसतं अशा) चाचण्या झाल्यात, ज्यांना लहरींचा त्रास होतो असं वाटतं त्यांना खरी लहर चालू आहे की खोटी हे ओळखता आलेलं नाही, आणि लहर बंद असताना चालू आहे असं वाटलं तरी त्रास होतो. त्रास खरा असतो, तो भीतीने होतो. म्हणून तर भीती विकणाऱ्यांचा मला इतका राग येतो, ते आधी दुखणं देतात आणि मग त्यावर स्टिकर.

न मानणाऱ्यांबद्दल पण लिहायला पाहिजे. मामा पहिल्या दिवसापासून म्हणत होते की थोतांड आहे. का, विचारलं तर म्हणे बायका असल्या गोष्टींना भुलतातच. हेच मामा नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजाराच्या नोटेत नॅनो चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी सॅटेलाइटला दिसते, असं शपथेवर सांगायचे, कारण ते टीव्हीवर बातम्यांत आलं होतं आणि त्यांना ते आवडलं होतं. मग नोट हातात घेऊन फाडून बघा म्हटलं तर फाडायची कुणाची हिंमत. त्यांचा स्टिकरवरचा अविश्वास पण तपासून आलेला नव्हता, बायकोवरचा होता. बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने आलं की ते पुढच्या वेळी उपयोगाला येत नाही, आणि आत्याला तर त्यामुळे अजून खात्री वाटली की घरातली माणसं आपली चेष्टा करतात तर तो स्टॉलवालाच खरा. आमच्या स्टाफरूममध्ये पण हेच, इंजिनिअर माणसं खदाखदा हसतात आणि एकानेही कधी डीबीएमचा आकडा बघितलेला नाही.

ज्यांना फोनच्या लहरी तरीही कमी करायच्यात त्यांच्यासाठी: १५०-२०० रुपयांचा वायरवाला इअरफोन घ्या किंवा स्पीकरवर बोला, फोन डोक्यापासून दोन वीत लांब गेला तरी खूप फरक पडतो. रेंजची एकच काडी असताना लांबलचक कॉल टाळा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, ते झोपेसाठी तरी चांगलंच आहे. यातल्या कशाचा धोका आहे म्हणून मी सांगत नाहीये, मन शांत करायचं असेल तर जवळजवळ फुकटात होतं एवढंच.

पाकीट परत करायला गेलो तर प्रदर्शन उठलेलं. बिलाच्या नावाखाली एक कच्ची पावती आहे, जीएसटी नंबर नाही, पाकिटावर पत्ता अर्धवट, मागचा मोबाईल नंबर लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पण त्यासाठी विकणारा सापडायला हवा, म्हणून कुठल्याही प्रदर्शनात आधी पक्कं बिल मागा, बिल नाही तर माल नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आत्याने स्वतः तक्रार नोंदवली, पाकीट, पत्रक, पावती तिन्हीचे फोटो जोडून, आणि सोबत डायरीतली ती पानं पण जोडली. स्टिकर तिने चारही फोनवरून काढले. वायफायच्या डब्यावरचा मात्र निघत नाहीये, गम चांगला आहे त्याचा.